सात किलोंचा संसार

टेपमावशी उभ्या आयुष्यात कधी विमानात बसली नव्हती. पण विमानात कोणती बॅग जाईल आणि कोणती दारातून परत येईल, हे त्या रस्त्यावर तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. गळ्यात शिंप्यासारखी टेप, नाकावर ओघळलेला चष्मा आणि जिभेला धार. खरं नाव विचारलं तर तिलाही क्षणभर आठवावं लागायचं.

विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गाड्या धुण्याच्या जागेला लागून तिचं बॅगदुरुस्तीचं दुकान होतं. भाड्याचं. दहा फूट बाय आठ फूट, पुढे शटर, मागे एक दार आणि त्या दारामागे तिची राहायची खोली. चेन बदलणं, चाकं लावणं, तुटलेलं हँडल रिव्हेट मारून पक्कं करणं, ही कामं ती करायचीच, पण ती कुणीही करतं. टेपमावशीचं नाव झालं होतं ते बॅग बारीक करण्यात. विमानात आपल्याजवळ ठेवायची बॅग कंपनीच्या मापापेक्षा दोन बोटं जास्त भरली की लोक तिच्याकडे धावत यायचे. ती बॅगेचं पोट उसवायची, कापडाची दोन सेंटिमीटर पट्टी काढायची, आतला कडक पुठ्ठा तेवढाच छाटायची आणि पुन्हा अशी शिवायची की कारखान्यातून तशीच आली असावी. मोठी चाकं काढून बुटकी लावायची. ओढायचा लोखंडी दांडाच काढून टाकला तर पाऊण किलो वाचतं, हे ती प्रत्येकाला सांगायची.

"मग ओढू कशी?" गिऱ्हाईक विचारायचं.

"उचल की. हात काय फोटोत दाखवायला दिलेत?"

भिंतीला प्लायवुडची पाच खोकी टांगलेली असायची, एकेका विमान कंपनीचं एकेक. कंपन्यांची नावं तिच्या जिभेवर चढत नसत, म्हणून तिने शेपटीच्या रंगावरून बारसं करून टाकलं होतं. निळी कंपनी माप बघते, वजन बघत नाही. लाल कंपनी दहा किलो चालवून घेते आणि खांद्यावरची पर्स वेगळी धरते. हिरवी आठ किलोंवर अडते. पांढरीचा भरवसा नाही, दारावर कोण उभं आहे त्यावर सगळं. आणि पिवळी म्हणजे महाखट. सात किलो म्हणजे सात किलो, त्यात पर्स आली, हातातली पिशवी आली, आणि माप घेताना चाकं नि हँडल धरून. विमानतळावर काम करणाऱ्या मुली आपल्या बॅगा दुरुस्तीला आणायच्या, त्यांना खोदून खोदून विचारायचं, आणि दारातून परत फिरलेल्या गिऱ्हाइकाच्या शिव्या शांतपणे ऐकून घ्यायच्या, हे तिचं शिक्षण. एखाद्या कंपनीने माप बदललं की चार दिवसांत सुताराकडून नवं खोकं यायचं.

एकाच प्रवासात दोन-तीन कंपन्यांची विमानं असली की लोक हमखास गचके खायचे. पहिल्या दारावर सोडलं म्हणजे आता कुणी विचारत नाही, अशा गुर्मीत दुसऱ्या दाराशी जायचे आणि तिथे सगळ्यांदेखत बॅग उघडून कपड्यांवर कपडे चढवत बसायचे. टेपमावशीचा नियम साधा होता. तिकिटं कितीही असोत, त्यातली सगळ्यात कंजूष कंपनी कोणती ते आधी सांग. तिच्या खोक्यात बॅग बसली तर जग फिरून ये.

नवरा विमानतळावर सामान चढवायचा. बत्तीस-बत्तीस किलोंच्या बॅगा उचलून त्याची पाठ गेली, आणि पाठीमागोमाग तोही गेला. तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा. नवरा हयात असताना मोडक्या बॅगा घरी आणायचा, त्या सांधता सांधता तिला हे काम येत गेलं होतं, तेच मग पोटाला लागलं. मुलाला तिने शिकवलं. कसं शिकवलं ते विचारू नये, कारण ती सांगायची नाही आणि त्याने कधी विचारलंही नाही. शिकून तो परदेशी गेला, त्याला आता अकरा वर्षं झाली. जाताना दोन मोठ्या बॅगा तिने स्वतः शिवून दिल्या होत्या.

दर रविवारी त्याचा फोन यायचा. सुरुवातीच्या वर्षांत फोन ठेवताना तो न चुकता म्हणायचा, "आई, बंद कर आता ते दुकान नि ये माझ्याकडे." ती म्हणायची, "बघू." तेव्हा तो ते पोटतिडकीने म्हणायचा. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, तेव्हा सवयीने म्हणायचा. आणि गेली दोन-तीन वर्षं तो म्हणतच नव्हता. हे काही तिच्या लक्षात आलं नाही. तिने ते वाक्य एकदा जपून ठेवलं होतं ते ठेवलं होतं, आणि आपण हो म्हणायचा अवकाश, की झालंच सगळं, असं ती धरून चालली होती.

हो म्हणायची वेळ यंदा आली. बोटं आखडायला लागली होती. जाड कापडातून आरी आरपार घालायची तर दोन्ही हातांनी जोर लावावा लागायचा आणि तरी टाका वाकडा पडायचा. एकदा तर एका बाईची बॅग तिने चुकून तीन सेंटिमीटर जास्त कापली. बाई पैसे देऊन गेली, पण टेपमावशीला दोन दिवस जेवण गेलं नाही. अशात एका मंगळवारी, भलत्याच वारी मुलाचा फोन आला.

"आई, पुढच्या महिन्यात येशील का इकडे? तिकिटं काढतो."

तिने एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा आपल्या बोटांकडे.

"येते," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा हो म्हणाली होती. "खरंच? अरे वा. आणि दुकानाचं?"

"दुकानाचं मी बघते. सामान काय काय आणू?"

"काही आणू नकोस. फक्त हातातली बॅग. स्वस्तातली तिकिटं आहेत गं, तीन वेगवेगळ्या कंपन्यांची, मोठी बॅग त्यात धरलेली नाही. इथे सगळं आहे."

संध्याकाळपर्यंत फोनवर तिकिटं आली. आधी निळी, मग लाल, मग पिवळी. तीन कंपन्या, तीन तिकिटं, तिन्ही जायची.

आता इथे कुठल्याही दुसऱ्या बाईच्या मनात पाल चुकचुकली असती. कायमचं राहायला बोलावलेल्या माणसाला कुणी हातातल्या बॅगेवर बोलावतं का? आणि टेपमावशी तर बॅग बघून माणूस किती दिवसांसाठी निघालंय ते सांगणारी. ही बॅग चार दिवसांची, ही पंधरा दिवसांची, हा माणूस काही लवकर परत येत नाही, असे तिचे अंदाज कधी चुकत नसत. पण तिने सात किलो हा आकडा ऐकला आणि तिच्यातल्या कारागिराला चेव चढला. तीस वर्षं लोकांना सात किलोंत बसवलं, आता स्वतःला बसवून दाखवते! सात किलोच का, हा प्रश्न तिला पडलाच नाही. जिला तो पडायला हवा होता तिलाच पडला नाही, हे या बाईचं नशीब.

दुकान तिने चेनवाल्याला दिलं. चेनवाला म्हणजे तिला चेन, रनर, चाकं पुरवणारा माणूस, बरीच वर्षं त्या जागेवर डोळा ठेवून होता. जागामालकाकडे जाऊन तिने भाडेपट्टा त्याच्या नावावर केला, मशीन त्याच्याकडे गेलं, खोक्यांसकट सगळं गेलं. आठ दिवसांत तिने गाशा गुंडाळला. शेजारचा गाड्या धुणारा हातातला पाइप तसाच वाहता ठेवून म्हणाला, "मावशी, परतीचं तिकीट कधीचं?"

"परत कशाला? वाच की, तिन्ही जायचीच आहेत."

त्याने तिकिटं वाचली, खरंच तिन्ही जायचीच होती. "खोली तरी ठेवायची होती महिना-दोन महिने," तो म्हणाला.

"माझा मुलगा आहे तो. घरमालक नाही," ती फटकन म्हणाली. गाड्या धुणारा ओशाळला आणि पुन्हा टायरवर पाणी मारू लागला.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तिने खोलीत सतरंजी पसरली, वर सगळं मांडलं आणि हातात वजनाचा काटा घेऊन बसली. बॅग तिने स्वतः शिवली होती, रिकामी फक्त नऊशे ग्रॅम, चाकं नाहीत, दांडा नाही. नवऱ्याचा फोटो चौकटीसकट साडेसहाशे ग्रॅम भरला. तिने मागचे खिळे काढले, काच बाजूला ठेवली आणि नुसता फोटो वहीत घातला. मुलाच्या लहानपणच्या फोटोंचा अल्बम सव्वा किलो, तो फाडला, फोटो तेवढे घेतले, पुठ्ठा कचऱ्यात. थंडीचे कपडे, उन्हाळ्याचे कपडे. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, मुलाचे शाळेचे निकाल, बँकेचं पुस्तक, चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद. नातीला तिने कधी पाहिलं नव्हतं, तिच्यासाठी उरलेल्या लाल कापडाची एक पाठीवरची पिशवी शिवली होती, एकशे ऐंशी ग्रॅम. गिऱ्हाइकांना म्हणायची तशी ती स्वतःलाच म्हणत होती, "हे कशाला? काढ. हे तिकडे मिळत नाही का? काढ."

कात्री आणि आरी मात्र मागे राहिल्या त्या वजनामुळे नाही. टोकदार वस्तू हातातल्या बॅगेत चालत नाहीत, यात सगळ्या कंपन्यांचं एकमत. आरीची लाकडी मूठ तिच्या तळव्याच्या आकाराने झिजली होती. ती तिने चेनवाल्याच्या हातात दिली तेव्हा तो म्हणाला, "मावशी, माझ्याकडे आहेत चार." तरी तिने दिलीच.

सहा किलो नऊशे ग्रॅम. दुकानातून तेवढ्यापुरतं आणलेल्या पिवळ्या खोक्यात बॅग अलगद जाऊन बसली. साठीतल्या बाईने टाळी वाजवली आणि ती टाळी ऐकायला खोलीत कुणी नव्हतं.

निळ्या कंपनीच्या दारावर कुणी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. विमान वर उठताना तिने डोळे मिटले नाहीत, डोक्यावरच्या कप्प्याचं माप मनातल्या मनात घेत बसली. दुसऱ्या विमानतळावर लाल कंपनीच्या दाराशी एक जोडपं बॅग उघडून कचाकचा भांडत होतं. नवरा म्हणत होता बूट काढ, बायको म्हणत होती तुझी पुस्तकं काढ. टेपमावशीला राहवेना.

"बूट पायात घाल, पायातल्या चपला बॅगेत. जाडा कोट अंगात घाल, पुस्तकं कोटाच्या खिशात. अंगावरचं कुणी तोलत नाही," ती म्हणाली. पाच मिनिटांत बॅग मिटली. जोडप्याने हात जोडायचंच बाकी ठेवलं.

"किती दिवसांसाठी?" तिने विचारलं.

"आठ दिवस. आणि तुम्ही, मावशी?"

"मी कायमची. मुलाकडे."

बायकोने तिच्या बॅगेकडे बघितलं. "एवढ्याशा बॅगेत?"

"धंदाच आहे आपला," टेपमावशी ऐटीत म्हणाली.

"माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा कपाटसुद्धा घेऊन आल्या होत्या," बायको म्हणाली आणि हसली. नवऱ्याला ते आवडलं नसावं, त्याने तिला कोपराने ढोसलं. टेपमावशीने मनात म्हटलं, असतात काही बायका पसारा घालणाऱ्या, आणि ती पुढे निघाली. कपाटाचं बोलणं मात्र विमानात पूर्ण वेळ तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

पिवळ्या कंपनीने, अपेक्षेप्रमाणे, तोललं. दारावरच्या मुलीने बॅग काट्यावर ठेवली, आकडा बघितला, मग खोक्यात सरकवली. बॅग चारी बाजूंनी सारखी बसली. मुलीने दुसऱ्या मुलीला बोलावून दाखवलं. दोघींनी टेपमावशीकडे बघून अंगठा वर केला. आयुष्यभराच्या विद्येला मिळालेलं ते एकमेव प्रमाणपत्र, आणि ते तिला अशा दारावर मिळालं जिथून पुढे तिचा मोठाच पोपट होणार होता.

परक्या देशात उतरल्यावर काचेमागे एक अधिकारी बसला होता. त्याला तिची भाषा येत नव्हती. तो समोरच्या यंत्रात बोलायचा आणि यंत्र तिच्या भाषेत, शाळेतल्या धड्यासारखं, विचारायचं.

"कोणाकडे आला आहात?"

"मुलाकडे."

"किती दिवस राहणार?"

ती सरळ उभी राहिली. "कायमची."

यंत्राने ते त्याला सांगितलं. अधिकाऱ्याने पहिल्यांदाच मान वर केली. कागद पुन्हा चाळले. "तुमच्या व्हिसाच्या अर्जात असं लिहिलेलं नाही. परतीचं तिकीट दाखवा."

"परतीचं नाही. तिन्ही जायचीच आहेत," ती म्हणाली आणि फोन पुढे केला.

तिला तिथून एका बाजूच्या खोलीत नेलं. चार खुर्च्या, एक पाण्याचं यंत्र, भिंतीवर काही नाही. अर्ज मुलाने भरला होता, तिने नुसती सही केली होती. मांडीवर बॅग घेऊन ती बसली. पाऊण तास झाला. आपल्याला परत पाठवतील, मुलगा बाहेर वाट बघत असेल, एवढीच तिला भीती होती. मग तोच अधिकारी आला. चेहरा आता सैल झाला होता. त्याने यंत्र तिच्यासमोर धरलं.

"तुमच्या मुलाशी बोलणं झालं. परतीची तिकिटं त्याच्याकडे आहेत. बावीस दिवसांनंतरची. तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

तिने यंत्राकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"विसरले," ती म्हणाली.

बाहेर मुलगा उभा होता. केस मागे सरले होते, पोट पुढे आलं होतं. त्याने तिला घट्ट मिठी मारली, ती खरी होती, त्यात खोट काढायला जागा नव्हती. गाडीत बसल्यावर तो हसायला लागला. "आई, तू कायमची आलेय असं सांगितलंस त्याला? घाम फोडलास मला. तिकडूनच परत पाठवलं असतं तुला."

"गंमत केली."

"अशी गंमत करतात का?" मग तो रस्त्याकडे बघत सांगू लागला. नातीचं पाळणाघर दुरुस्तीसाठी तीन आठवडे बंद होतं. त्याची आणि सुनेची, दोघांचीही रजा संपलेली. दुसरं कुणी मिळेना. "म्हटलं, आईला बोलवू. आमची सोय होईल, तुलाही जरा बदल. सांगितलं होतं ना मी तुला?"

"सांगितलं असशील."

"परतीची तिकिटं स्वस्त झाल्यावर वेगळी काढली, पाठवायची राहून गेली. दुकान कोण बघतंय?"

"चेनवाला."

"बघ. मी हिला तेच म्हणत होतो, आईला दुकान सुटायचं नाही."

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. अरे, दुकान नाही, खोली नाही, मी सगळं उधळून तुझ्याकडे आलेय, असं तोंडावर फेकायला हवं होतं. पण तीस वर्षं दुसऱ्यांच्या बॅगा उघडून "हे काढ" म्हणणाऱ्या बाईला स्वतःची बॅग कुणापुढे उघडता येईना. तिचा मुलगा लबाड नव्हता, निष्काळजी होता, आणि लबाड माणसाशी निदान भांडता तरी येतं.

घर सहाव्या मजल्यावर होतं, दोन खोल्या आणि हॉल. हॉलमधला सोफा ओढला की पलंग व्हायचा, तो तिचा. कपाटातला एक कप्पा सुनेने रिकामा करून दिला होता. एकच, आणि बावीस दिवसांना तो पुरेसा होता. सून कामसू होती, बोलायला गोड होती, सकाळी साताला बाहेर पडायची. नात तीन वर्षांची. पहिले दोन दिवस तिने आजीकडे ढुंकून बघितलं नाही, तिसऱ्या दिवसापासून ती लाल पिशवी पाठीवरून उतरवेना. झोपतानासुद्धा पाठीवर. टेपमावशी तिला भरवायची, खाली बागेत न्यायची, दुपारी थोपटायची आणि थोपटता थोपटता दिवस मोजायची.

आठव्या दिवशी ती नातीला घेऊन बागेत गेली होती. सुनेला कामावरून लवकर सुट्टी मिळाली. धुवायला कपडे टाकावेत म्हणून तिने सासूची बॅग उघडली. टेपमावशी परत आली तेव्हा सून जमिनीवर बसली होती आणि पुढ्यात सगळं होतं. थंडीचे कपडे, उन्हाळ्याचे कपडे, चौकटीतून काढलेला सासऱ्यांचा फोटो, मृत्यूचा दाखला, शाळेचे निकाल, बँकेचं पुस्तक. बावीस दिवसांसाठी कुणी असलं काही आणत नाही. ते कळायला टेपमावशीच असायला हवं असं नव्हतं.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, हे खोटं नाही. पण तिने एकेक वस्तू जशीच्या तशी आत ठेवली, चेन लावली आणि म्हणाली, "आई, धुवायचे कपडे बाहेर टोपलीत टाकत जा."

"बरं," टेपमावशी म्हणाली.

संध्याकाळी नवरा-बायकोच्या खोलीचं दार बराच वेळ बंद होतं. आतून सुनेचा दबका आवाज येत होता, मुलाचा येत नव्हता. दार उघडून तो बाहेर आला तेव्हा त्याने आईकडे न बघता पाणी प्यायलं आणि पुन्हा आत गेला. म्हणजे त्याला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काहीतरी बोलेल म्हणून ती चहाचा कप हातात धरून बसून राहिली. "आई, सोफ्यावर पाठ दुखत नाही ना?" त्याने विचारलं. ती म्हणाली नाही. तो म्हणाला, "बरं." मग दोघं कामाला गेले.

त्या दिवसापासून घरात तिचे इतके लाड सुरू झाले की तिला गुदमरायला होई. गरम पाण्याची पिशवी आणली, पायात घालायला मऊ चपला आणल्या, संध्याकाळी गाडीतून तळ्यावर नेलं, फोटो काढले. जो तो तिच्या मनासारखं करत होता, फक्त एक गोष्ट सोडून, आणि ती एक गोष्ट कुणी तोंडाबाहेर काढत नव्हतं. टेपमावशीनेही काढली नाही. हा तिचा ताठा, की मुलाला नाही म्हणायची लाज वाटू नये म्हणून दिलेली शेवटची सवलत, कोण जाणे. दोन्ही असेल.

चौदाव्या दिवशी नात झोपलेली बघून तिने चेनवाल्याला फोन लावला.

"मी येतेय पुढच्या आठवड्यात," ती म्हणाली.

"का? बरं आहे ना सगळं?"

"सगळं बरं आहे. इथली हवा मानवत नाही. मशीनवर बसायला माणूस हवा असेल तुला."

पलीकडे त्याने एका गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "मावशी, मागच्या खोलीत माल भरलाय. छतापर्यंत. तुमची खाट काढून टाकली."

"दुकानातच पडेन. शटर ओढून घेतलं की झालं."

"पडा. पण गिऱ्हाइकांना टाकून बोलायचं नाही. आता दुकान माझं आहे."

"नाही बोलणार," टेपमावशी म्हणाली. असं उत्तर तिने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला दिलं.

बाविसाव्या दिवशी सकाळी हॉलमध्ये एक मोठी नवी बॅग उभी होती, चार चाकांची, चकचकीत. मुलाने परतीच्या तिन्ही तिकिटांवर मोठी बॅग वाढवून घेतली होती, निळी, लाल, पिवळी, एकेका कंपनीशी बोलून. सुनेने ती भरली होती. दोन जाड ब्लँकेटं, स्वेटर, भांड्यांचा संच, मऊ चपला, बिस्किटांचे डबे, टेबलावर ठेवायचा दिवा.

"तेवीस किलोंपर्यंत चालतं आता," सून म्हणाली. "बरोबर बावीस भरलंय. मी तोलून बघितलं."

कायमची यायला सात किलो आणि परत जायला तेवीस. टेपमावशीने बॅगेवरून हात फिरवला. शिलाई सुबक होती, खोटं कशाला बोला. दहा बाय आठच्या दुकानात, चेनच्या गड्ड्यांच्या मधे, दुसऱ्याच्या शटरमागे ही ब्लँकेटं आणि हा दिवा कुठे ठेवायचा, ते तिने विचारलं नाही. "कशाला एवढं?" म्हणाली, आणि ते म्हणायची पद्धत असते म्हणून म्हणाली.

नात पाळणाघरात गेली होती, ते पुन्हा उघडलं होतं. विमानतळावर मुलाने मोठी बॅग काउंटरवर चढवली. बॅग पट्ट्यावरून आत निघून गेली. मग आत जायच्या दाराशी दोघं आले. पुढे त्याला जाता येणार नव्हतं. सात किलोंची बॅग तिच्या खांद्यावर होती. त्याने तिचा पट्टा नीट केला, नीटच होता, तरी केला. त्याला सगळं ठाऊक होतं आणि त्याला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. बोलायचं असेल तर आत्ताच, मागे माणसं खोळंबली होती.

"घरी पोचलीस की फोन कर," पट्ट्याकडे बघत तो म्हणाला.

टेपमावशीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याने मान वर केली नाही.

"करते," ती म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.